विचारा ताईला : २२ फेब्रुवारी, गाईडच्या मुली आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात गाईडच्या, म्हणजे स्काउटसारख्याच मुलींच्या संघटनेच्या, कॅम्पवर दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्याचं सगळं टपाल त्याच विषयावर आलंय. व्हॉट्सअपवर तर विचारूच नका. गुडघेदुखी आणि वाटणीच्या सातबाऱ्याचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज हेच. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळं कोणाचं पत्र दिसलं नाही तरी उत्तर सापडेल.

प्रश्न : ताई, मी सातवीत आहे. मॅडम म्हणल्या २२ फेब्रुवारीला सगळ्या गाईडनी स्कार्फ घालून यायचं, जागतिक चिंतन दिन आहे. मागच्या वर्षी पण झाला होता पण पाहुणे स्वच्छतेवरच बोलले अन् आम्ही उन्हात बसून राहिलो. हा दिवस नेमका कशाचा असतो?
– एक गाईड, माजलगाव

उत्तर : अगं, पाहुण्यांना बहुतेक कोणी सांगितलंच नसेल की कशावर बोलायचंय. तर ऐक. १९२६ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात कॅम्प एडिथ मेसी म्हणून ठिकाण आहे तिथं गर्ल गाईड आणि गर्ल स्काउटवाल्यांची (काही देशांत गाईडलाच गर्ल स्काउट म्हणतात) चौथी जागतिक परिषद भरली होती, वेगवेगळ्या देशांतनं आलेल्या बायका होत्या, त्यांनी ठरवलं की वर्षातला एक दिवस असा ठेवायचा की त्या दिवशी प्रत्येक देशातल्या मुलीनं बाकीच्या देशांतल्या आपल्यासारख्या मुलींची आठवण काढायची. तारीख कोणती? तर स्काउटिंग सुरू करणारे रॉबर्ट बेडन पॉवेल आणि त्यांच्या बायको ओलेव्ह, दोघांचाही वाढदिवस २२ फेब्रुवारीलाच. ते जन्मले १८५७ ला, त्या १८८९ ला, वयात बत्तीस वर्षांचं अंतर पण तारीख एकच. मग तीच घेतली.

आता वाढदिवस म्हणल्यावर गिफ्ट आलंच. १९३२ साली पोलंडमध्ये परिषद झाली तेव्हा बेल्जियमहून आलेल्या एका बाईनं हाच मुद्दा काढला, की वाढदिवसाला भेट देतात ना, मग मुलींनी पण काहीतरी द्यावं. त्यावर ओलेव्हबाईंनी सगळ्या गाईडना पत्र लिहून एकेक पेनी मागितली. पेनी म्हणजे त्यांच्याकडचं अगदी किरकोळ नाणं, आपला रुपया धर. एकीचा रुपया काहीच नाही पण लाखो मुलींचे रुपये जमले की जिथं पैशाची अडचण आहे अशा देशात मुलींचे उपक्रम चालतात. तो फंड अजून चालू आहे. नावात 'जागतिक' हा शब्द मात्र बराच उशिरा, १९९९ ला आयर्लंडच्या परिषदेत लागला.

आज दीडशेच्या वर देशांत या संघटना आहेत. तर तू माजलगावात स्कार्फ घालून उभी असशील त्याच तारखेला केनियात, ब्राझीलमध्ये, जपानमध्ये, बांगलादेशात तुझ्याएवढ्या मुली पण उभ्या असतील. या वेळी पाहुणे स्टेजवर चढायच्या आधी तूच जाऊन त्यांना एवढं सांग. खरंच सांग, लाजू नको, मोठ्या माणसांना पण आयता मुद्दा मिळाला की बरं वाटतं.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत गाईड कॅप्टन, म्हणजे गाईडची तुकडी सांभाळणारी शिक्षिका आहे, ३८ मुली आहेत. दरवर्षी तेच : झेंडा, प्रार्थना, फोटोला हार, भाषण, बिस्किटाचा पुडा. मुली कंटाळतात अन् खरं सांगायचं तर मी पण. दुसऱ्या देशांत काय करतात ते सांगा, पण ताई बजेट शून्य आहे हे ध्यानात ठेवून सांगा.
– एक शिक्षिका, उदगीर तालुका

उत्तर : मॅडम, तुमचं पत्र वाचून हसू आलं कारण हार आणि बिस्किटाचा पुडा हे जणू परिपत्रकातच आहे असं सगळीकडं चालू असतं. बाहेर काय करतात ते आधी सांगते मग आपण आपल्या कामाचं उचलू.

इंग्लंडमध्ये जुनी पद्धत अशी की संध्याकाळ झाली की खिडकीत एक मेणबत्ती लावून ठेवायची. आपल्याकडं खिडकीत मेणबत्ती दिसली की शेजारीण विचारते लाईट गेली का, म्हणून ओट्यावर पणती ठेवा, तेच ते. अमेरिकेत गर्ल स्काउटच्या तुकड्या एकेक देश वाटून घेतात, त्या देशाचा छोटा स्टॉल मांडतात, खायचं काहीतरी ठेवतात, आणि लहान मुली हातानं बनवलेला पासपोर्ट घेऊन स्टॉल-स्टॉल फिरून शिक्के मारून घेतात. शिवाय तिथं स्वॅप्स म्हणून प्रकार आहे : हातानं केलेली इवलीशी वस्तू, मागं सेफ्टी पिन, तुझी मला माझी तुला. टोपीवर, जॅकेटवर लावून मिरवतात. जर्मनीत पोस्टकार्डं लिहायची पद्धत आहे, ज्यांची कधी भेट नाही अशा दुसऱ्या तुकडीतल्या मुलीला कार्ड जातं. आणि केनियात तर बेडन पॉवेल दांपत्याची समाधीच आहे, न्येरी गावात. ते १९४१ ला तिकडंच वारले, बाईंच्या अस्थी पण १९७७ नंतर तिथंच नेऊन ठेवल्या. दगडावर एक वर्तुळ आणि मधोमध टिंब कोरलंय. ट्रॅकिंगच्या खुणा शिकवता ना तुम्ही मुलींना, त्यातली शेवटची खूण, 'मी घरी गेलो' ती. फेब्रुवारीत तिथले स्काउट-गाईड न्येरीला जमतात.

आता उदगीरचं. माझं मत विचाराल तर यातल्या दोनच गोष्टी घ्या, नाणं आणि पत्र, कारण या दोन्हीत प्रत्येक मुलीला स्वतः काहीतरी करावं लागतं, बाकी बहुतेक कार्यक्रमात दोघी बोलतात आणि छत्तीस टाळ्या वाजवतात.

नाण्याचं असं करा. पटांगणात निळी रांगोळी पसरा, चांगली अंगणभर. त्यावर पांढऱ्या रांगोळीनं जागतिक बॅजवरचं तीन पाकळ्यांचं चिन्ह काढा. हे चिन्ह नॉर्वेच्या कारी आस यांनी काढलेलं, १९३० पासून वापरात आहे. तीन पाकळ्या म्हणजे वचनाचे तीन भाग, वरच्या दोन चांदण्या म्हणजे वचन आणि नियम, मधली उभी रेघ होकायंत्राची सुई, खाली देठाशी ज्योत. निळ्यावर सोनेरी असतं ते, म्हणून रुपयाच्या नाण्यानं नीट दिसत नाही, पांढरं पडतं. पाचाची पिवळी नाणी पाहिजेत. पण मुलींना पाच रुपये आणा म्हणू नका, काही घरांत ते पण जड जातं अन् पोरगी त्या दिवशी शाळेलाच यायची नाही. रुपयाच मागा, ज्यांना जमेल त्यांनी, आणि किराणा दुकानदाराकडून पाचाचे सुट्टे बदलून आणून ठेवा. आधी गुपचूप डब्यात रुपया टाकायचा, कोणी टाकला कोणी नाही हे कोणाला कळायला नको, मग प्रत्येकीनं मांडलेल्या ढिगातलं एक पिवळं नाणं उचलून रेघेवर ठेवायचं. सुट्ट्याची नाणी नंतर परत करायची हे विसरू नका.

नाणं ठेवताना एका देशाचं नाव घ्यायचं, आणि आधी झालेलं नाव परत घ्यायचं नाही. पहिल्या पंधरा-वीस जणींचं पटापट होतं, अमेरिका चीन श्रीलंका, मग गाडी अडकते, मागून कोणीतरी ओरडतं "मॅडम नेपाळ झालं का", एखादी दुबई म्हणते, दुसरी म्हणते दुबई देश नाही, मग भांडण. ते भांडण होऊ द्या. भूगोलाच्या तासाला नकाशा काढून बसवलं तरी एवढ्या मुली एकाच वेळी नकाशा मागत नाहीत. जमलेले पैसे जिल्हा स्काउट गाईड कार्यालयात विचारून, रीतसर पावती घेऊन भरा आणि पावती मुलींना दाखवा. ती पावती फळ्याशेजारी चिकटवा हवं तर.

पत्राचं. परदेशी पत्ता लगेच मिळाला नाही तर हट्ट धरू नका, पहिल्या वर्षी देगलूरच्या किंवा पार गडचिरोलीकडच्या गाईड कंपनीला, म्हणजे तिथल्या शाळेच्या गाईड तुकडीला लिहा, तिकडच्या मुली पण आपल्याला कुठं माहीत असतात. मराठीतच लिहू द्या, परदेशी जाणार असेल तर खाली इंग्रजीत अर्थ द्या. विषय देऊ नका. 'माझा देश महान' असा मजकूर आला की समजा निबंध झाला, पत्र नाही. येळवशीला शेतात आंबील प्यायलो, बाबांनी सोयाबीन विकलं नाही अजून, आमची शेळी व्याली, असलं लिहू द्या. स्वॅप्ससाठी वाकळ शिवताना उरलेल्या चिंध्या आणायला सांगा, दोन बोटांचा चौकोन, कडेनं धावदोरा, मागं सेफ्टी पिन. एक सावध सूचना : ज्वारीचे दाणे, करडई, चिंचोके असलं काही चिकटवून परदेशी पाठवू नका, बी-बियाणं कस्टममध्ये अडकतं आणि सगळं पाकीटच जातं.

देशाचे स्टॉल करायचे असतील तर एक विनंती, पोरींना काजळानं डोळे ओढून 'जपानी' करू नका. त्यापेक्षा तिथल्या लहान गाईडना काय म्हणतात ते शोधायला लावा. इंग्लंडमध्ये रेनबो मग ब्राउनी, अमेरिकेत अगदी छोट्या त्या डेझी, आपल्याकडं बुलबुल. मुलींना हे लई आवडतं, दोन दिवस एकमेकींना डेझी डेझी करत फिरतात.

आणि हो, बारावीचे पेपर त्याच सुमाराला असतात. तुमच्या आवारात केंद्र असेल तर मैदान विसरा, आधीचा नाहीतर नंतरचा शनिवार धरा. तारखेसाठी कार्यक्रम रद्द करण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : ताई, माझी पोरगी नववीत, गाईडमध्ये आहे. तिला दुसऱ्या देशातल्या गाईड मैत्रिणीशी बोलायचंय म्हणून इन्स्टावर अकाउंट काढून द्या म्हणून मागं लागलीय. हिचे बाबा नाहीच म्हणायलेत. काय करावं कळना गेलंय.
– एक आई, सेलू

उत्तर : ताई, बाबांचं 'नाही' आणि पोरीचं 'हो' यातली वाट आहे, पण इन्स्टा ती वाट नाही. तिथं समोरची खरंच चौदा वर्षांची मुलगी आहे का हे ना तुम्हाला कळणार ना मला. ओळख कंपनी टू कंपनी करायची. म्हणजे आपल्या गाईड कॅप्टननी तिकडच्या लीडरशी ईमेलवर बोलायचं, दोघींनी आपापल्या संघटनेतून खात्री करून घ्यायची, मग पत्रं शाळेच्या पत्त्यावर यायची-जायची. व्हिडिओ कॉल करायचाच तर शाळेत, मॅडम समोर, सगळ्या मुली एकदम. त्यात एकच गोंधळ होतो, वेळेचा. आपली संध्याकाळ ती त्यांची सकाळ किंवा झोपेची वेळ, ते आधी बघून ठेवा.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारकडं जोटा-जोटी नावाचा कार्यक्रम असतो, जगभरातले स्काउट-गाईड हॅम रेडिओवर (हौशी लोकांच्या बिनतारी संचावर) आणि इंटरनेटवर एकमेकांशी बोलतात. तो संघटनेचाच आहे, लहानांच्या सुरक्षेचे नियम ठरलेले असतात. पोरीला म्हणावं तोपर्यंत थांब, आणि घरचा पत्ता, शाळा सुटायची वेळ, एकटीचा फोटो हे कोणालाच द्यायचं नाही, मैत्रीण कितीही गोड बोलली तरी. बाबांना मात्र एवढं सांगा की सरसकट नाही म्हणलं की पोरी मैत्रिणीच्या मोबाईलवरून करतात, ते जास्त वाईट.

प्रश्न : राग मानू नका, पण बेडन पॉवेल हा इंग्रजांचा सेनापती. त्याच्या वाढदिवसाला आमच्या नातींनी सलाम ठोकायचा? आमच्या वडिलांनी रझाकारांच्या काळात काय सोसलं ते आम्हाला ठाऊक आहे. गुलामीची हौस कशाला?
– एक आजोबा, अंबाजोगाई

उत्तर : काका, राग कशाचा, प्रश्न विचारायलाच पाहिजे असा आहे. ते ब्रिटिश फौजेतले अधिकारी होते, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगच्या वेढ्यामुळं त्यांचं नाव झालं, हे खरंच आहे. त्याहून टोचणारी गोष्ट मीच सांगते : भारतात गाईडिंग १९११ ला जबलपूरला सुरू झालं तेव्हा ते इथल्या मुलींसाठी नव्हतंच, स्काउटमध्ये पण सुरुवातीला भारतीय मुलांना घेत नसत. मग आपल्या लोकांनी काय केलं? मद्रासकडं ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी वेगळी स्काउट संघटना काढली, उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची काढली. कोणी तुम्हाला ओट्यावर बसू देत नाही म्हणून आपला वेगळा ओटा बांधला. स्वातंत्र्य मिळाल्यावर ७ नोव्हेंबर १९५० ला हे सगळे गट एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स झाली, पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गाईडवाल्या पण सामील झाल्या. मराठवाडा निजामातून सुटून तेव्हा कुठं तीन वर्षं होत आली होती. तुमची नात ज्या संघटनेत आहे ती ही.

आणि मुलींचं तर आणखी वेगळं आहे. १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मुलांचा मेळावा होता, त्यात काही मुली कोणी बोलावलेलं नसताना स्काउटसारखे कपडे करून येऊन उभ्या राहिल्या, आम्हाला पण पाहिजे म्हणल्या. त्यांच्यामुळं १९१० ला गाईड सुरू करावं लागलं, आणि ते साहेबांनी आपल्या बहिणीकडं, ॲग्नेसकडं सोपवलं. मला विचाराल तर फोटो त्या पोरींचा लावायला पाहिजे, पण त्यांचे फोटो कोण देणार. हार घालायचा नसेल तर नातीला म्हणा घालू नको, कार्यक्रमाचं काही अडत नाही. ओलेव्हबाईंनी हार मागितला नव्हता, पेनी मागितली होती.

प्रश्न : डाव्या हातानं शेकहॅंड का करतात? आमच्याकडं आजी ओरडते डावा हात पुढं केला की.
– दोन बुलबुल, हिंगोली

उत्तर : डावा हात काळजाच्या बाजूचा म्हणून, असं सांगतात. जगात कुठंही गाईड भेटली की डावाच हात. घरी आजीसमोर मात्र उजवाच करा, विशेषतः प्रसाद घेताना.

प्रश्न : मुलांना हा दिवस नसतो का? आम्ही स्काउट काय पाप केलं?
– आठवीतला स्काउट, जिंतूर

उत्तर : असतो रे बाबा. तीच तारीख स्काउटमध्ये संस्थापक दिन म्हणून पाळतात, आणि आपल्याकडं स्काउट-गाईड एकाच संघटनेत असल्यानं शाळेत बहुतेक एकत्रच होतो. रांगोळी झाडायचं काम घ्या अंगावर, कोणी हाकलणार नाही.

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या रेंजर, म्हणजे मोठ्या गाईड आहोत. पुण्यात जागतिक गाईडचं केंद्र आहे असं ऐकलं. खरं का? आम्हाला जाता येईल का?
– रेंजर टीम, लातूर

उत्तर : खरं आहे, आणि मराठवाड्यातल्या मुलींना हे कोणी सांगत कसं नाही याचंच मला नवल वाटतं. जगभरच्या गाईडची मोजून पाच केंद्रं : स्वित्झर्लंडमध्ये आडेलबोडेनला अवर शॅले, मेक्सिकोत कुएर्नावाकाला अवर कबान्या, लंडनला पॅक्स लॉज, आफ्रिकेत कुसाफिरी, सुरू झालं तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती, ते देश बदलत फिरायचं. आणि पाचवं संगम, आपल्या पुण्यात, आळंदी रोडला. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये ओलेव्हबाई स्वतः येऊन उद्घाटन करून गेल्या. स्वित्झर्लंडला जायला पोरींना व्हिसा लागतो, खर्चही बक्कळ लागतो, संगमला लातूरहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी पुणे.

नुसतं उठून जाऊ नका. आधी ईमेल करा, किती जणी, कोणती तारीख, सोबत लीडर कोण, राहायचंय की दिवसभरासाठी यायचंय, आणि खर्च किती ते त्यांच्याकडूनच लेखी घ्या. स्काउट-गाईडच्या जिल्हा आयुक्तांचं पत्र सोबत ठेवा. तिथं बाहेरच्या देशांतल्या मुली कामाला, कार्यक्रमाला येऊन राहतात, त्यांच्याशी बोलायला मिळतं, हाच खरा फायदा. इंग्रजी येत नाही म्हणून मागं बसू नका, समोरच्या कित्येकींना पण ते मोडकंतोडकंच येतं, स्वीडनची असो की कोरियाची. आणि जाताना शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे न्या, पण तिखट बेतानं. परदेशी पोरींना लातूरचा ठेचा खायला घालून पाणी-पाणी करायला लावायचं असलं आंतरराष्ट्रीय नातं नको.

प्रश्न : आमच्या शाळेत गाईड नाहीच. मला पण व्हायचंय. आम्ही सात मैत्रिणी आहोत.
– सहावीतली वाचक, भूम तालुका

उत्तर : सात म्हणजे एक संघ तयारच झाला की, गाईडमध्ये सहा ते आठ मुलींचा एक संघ असतो. आता पाहिजे एक शिक्षिका, जी गाईड कॅप्टनचं बेसिक ट्रेनिंग करायला तयार आहे. तीच खरी अडचण असते, कारण ट्रेनिंगला आठवडाभर घराबाहेर राहावं लागतं आणि मॅडम लोकांना पण घरदार असतं. तरी विचारा, नव्यानं लागलेल्या मॅडम बहुतेक तयार होतात. त्या हो म्हणल्या की हेडसरांच्या सहीनं जिल्हा स्काउट गाईड कार्यालयात नोंदणी करायची, फॉर्म आणि फी तिथं कळेल. या २२ तारखेला तुम्ही सात जणी शेजारच्या गावातल्या कंपनीला पत्र लिहा, ते आत्ताच करता येईल. नोंदणीचं मात्र जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या काढा. आत्ता परीक्षेच्या गडबडीत हेडसरांकडं गेलात तर ते 'बघू' म्हणतील, आणि हेडसरांचं 'बघू' म्हणजे काय हे भूममध्ये पण सगळ्यांना माहीत असेल.